वाढत्या अंगाचं घेताय? जरा थांबा!

गेल्या जानेवारीतली गोष्ट. बोईसरचं एक कुटुंब गुलमर्गची सहल करून आलं आणि घरी पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी दहा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आलं. मुलाच्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी पडली होती. बर्फात बोटं गोठली की काय, या भीतीनं आई रात्रभर झोपली नव्हती.

मी पाय तपासले. बोटं गरम होती, स्पर्श नीट कळत होता, रंगही चांगला होता. गोठण्याचा प्रकार नव्हता. नखांखाली रक्त साकळलं होतं आणि नडगीवर एक आडवा लाल पट्टा उमटला होता.

"स्कीचे बूट कितीचे घेतले होते?"

"भाड्यानं घेतले, डॉक्टर. त्या माणसानं आधी मापाचे दिले होते. पण हा घट्ट होतात म्हणाला, म्हणून एक नंबर मोठे घेतले आणि आत दोन मोजे घातले. तसंही आम्ही याचं सगळं वाढत्या अंगाचंच घेतो ना!"

मी विचारलं, "अहो, पण तीन दिवसांत पाय किती वाढणार होता?"

आधी आई हसली, मग मुलगा हसला, मीही हसलो. पण ते गेल्यावर हा विषय डोक्यातून जाईना. कारण या आईनं वेगळं काही केलं नव्हतं. आपण सगळेच हे करतो. बूट, सायकल, हेल्मेट, बॅट, सगळं 'पुढच्या वर्षीही होईल' अशा हिशेबानं घेतो. त्यातून होणाऱ्या दुखापती मी वर्षभर बघतो, आणि त्या बघायला गुलमर्गला जावं लागत नाही. म्हणून आज जरा स्पष्ट लिहितो.

माझं मत एका वाक्यात असं आहे: फ्रॉक, पँट, स्वेटर खुशाल वाढत्या अंगाचे घ्या. पण ज्या वस्तूवर मुलाचा तोल अवलंबून आहे, किंवा जी वस्तू मुलाला इजेपासून वाचवणार आहे, ती आजच्या मापाचीच हवी. ढगळ फ्रॉक फार तर वाईट दिसेल. ढगळ हेल्मेट मात्र ऐन वेळी कामाला येणार नाही.

गुलमर्गच्या बुटात नेमकं काय झालं?

स्कीचा बूट आपल्या साध्या बुटासारखा नसतो. त्याचं बाहेरचं कवच कडक प्लास्टिकचं असतं, आत मऊ अस्तर असतं आणि तो नडगीच्या मध्यापर्यंत येतो. पायानं जरा कल दिला की तो कल बुटामार्फत खालच्या स्कीपर्यंत पोचला पाहिजे. वळणं आणि थांबणं यावरच चालतं. बूट सैल असेल तर पाय आत वळतो आणि स्की सरळच जाते.

आता तो 'घट्ट होतो' म्हणाला ते का? स्कीच्या बुटात सरळ ताठ उभं राहिलं की बोटं पुढे टेकतात. टेकायलाच हवीत. पण स्की करताना गुडघे वाकवून पुढे झुकायचं असतं. तसं झुकलं की टाच मागे सरकून बसते आणि बोटांना जागा होते. म्हणून मुलाला बूट घालून, बकल लावून, गुडघे वाकवायला सांगायचं आणि मग विचारायचं. आपला मुलगा ताठ उभा राहिला, बोटं टेकली, 'घट्ट' म्हणाला आणि मोठा बूट घेऊन मोकळा झाला. उतारावर प्रत्येक वेळी त्याचा पाय पुढे घसरून अंगठा कवचावर आपटत राहिला. दोन मोज्यांनी मदत तर केली नाहीच, उलट त्यांच्या चुण्या पडून नडगीला काचलं. स्कीला एकच पातळ, लांब मोजा घालायचा असतो.

नखं काळी होण्यावर निभावलं, हे नशीब म्हणायचं. स्कीमध्ये याहून गंभीर गोष्ट असते ती बाइंडिंगची. बूट स्कीला अडकवणारी ही पकड. पडल्यावर ती आपोआप सुटली पाहिजे, नाहीतर लांब स्कीच्या तरफेनं पाय पिळला जातो आणि नडगीचं हाड मोडू शकतं. ती किती जोर आल्यावर सुटावी, हे मुलाचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि त्याला स्की कितपत येते, यावरून ठरवतात. म्हणजे तिथे वजन अंदाजे सांगणंसुद्धा चालत नाही. कोणी मुलांना घेऊन गुलमर्गला किंवा औलीला जाणार असाल तर निघण्याआधी घरीच मुलाचं वजन, उंची आणि पायाची सेंटिमीटरमधली लांबी मोजून कागदावर लिहून न्या. तिकडे बुटाचं माप सेंटिमीटरमध्येच असतं. नवशिक्या मुलाची स्की उभी धरली तर छाती ते हनुवटी यांच्या दरम्यान यावी. त्याहून लांब नको. आणि हे सगळं भाड्यानं मिळतं, त्यामुळे 'वाढत्या अंगाचं' घेण्याचं कारणच उरत नाही.

असो. आपल्यातले बहुतेक जण काही दरवर्षी बर्फात जात नाहीत. मग पालघर-बोईसरमध्ये राहून हे सगळं कशासाठी वाचायचं? कारण तोच नियम आपल्या दारातल्या सायकलीला आणि शाळेच्या बुटाला लागू आहे.

अंग सगळं एकदम वाढत नाही

'वाढत्या अंगाचं' म्हणताना आपण धरून चालतो की मूल फुग्यासारखं सगळीकडून सारखं वाढतं. तसं नसतं.

दोन वर्षांपासून वयात येईपर्यंत मुलाची उंची वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. वयात येताना हा वेग वाढतो. ऐन भरात मुली वर्षाला ८ सेंटिमीटरच्या आसपास आणि मुलगे ९ ते १० सेंटिमीटर वाढतात. पण त्यातही क्रम असतो. आधी पावलं वाढतात, मग पाय लांब होतात, आणि धड शेवटी. म्हणून बारा-तेरा वर्षांचा मुलगा एकाएकी 'नुसता पाय आणि हात' दिसायला लागतो, चालताना धडपडतो. तो वेंधळा झालेला नसतो. त्याचं शरीर लांब झालेलं असतं आणि त्याचा अंदाज मेंदूला अजून आलेला नसतो.

डोक्याचं गणित अगदी उलट. जन्माच्या वेळी डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो. पाच वर्षांच्या मुलाचा ५० च्या आसपास असतो आणि मोठ्या माणसाचा साधारण ५४ ते ५८. म्हणजे पाच वर्षांनंतर पुढच्या दहा-बारा वर्षांत डोकं जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. पाऊल मात्र शाळेच्या वयात वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं.

आणि आपण काय करतो? जे सर्वात हळू वाढतं त्या डोक्यासाठी दोन मापं मोठं हेल्मेट घेतो!

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मुलांच्या लांब हाडांच्या टोकाजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो. त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाडाची लांबी तिथून वाढते. हा थर आजूबाजूच्या हाडापेक्षा आणि सांध्याच्या दोऱ्यांपेक्षा नाजूक असतो. मोठ्या माणसाचा पाय मुरगळेल अशा पडण्यात मुलाच्या ग्रोथ प्लेटला इजा होऊ शकते, आणि ती नीट जुळली नाही तर हाड आखूड किंवा वाकडं वाढू शकतं. 'लहान आहे, हाडं लवचिक आहेत, काही होत नाही' हे अर्धंच खरं आहे.

बूट: जून, दिवाळी आणि फेब्रुवारी

शाळेचे काळे बूट आणि पीटीचे पांढरे बूट आपण जूनमध्ये घेतो आणि ते पुढच्या एप्रिलपर्यंत चालावेत अशी अपेक्षा करतो. आपल्याकडे चालणाऱ्या नंबरांत एका नंबरचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटर असतो. पाऊल वर्षाला सेंटिमीटरभर वाढतं. म्हणजे शाळेच्या वयात वर्षाला एक नंबर, कधी त्याहून थोडं जास्त, आणि अगदी लहान मुलांत आणखी जास्त. जूनमध्ये दोन नंबर मोठे बूट घेतले तर दिवाळीपर्यंत मूल ते ओढत चालतं, आणि जेव्हा बूट खरोखर मापाचे होतात तेव्हा त्यांचे तळ झिजून गेलेले असतात. म्हणजे नवा, चांगला बूट मापात बसलेला असा काळ त्या मुलाला मिळतच नाही.

सैल बुटात काय होतं? टाच वरखाली होऊन फोड येतात. बूट सुटू नये म्हणून मूल बोटं आक्रसून धरतं. पळताना पाय पुढे घसरून नखं दुखावतात, घोटा मुरगळतो. आणि जिन्यात बुटाचं टोक अडकून पडणं तर ठरलेलं.

माप असं घ्या. संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. भिंतीला लागून कागद ठेवा, मुलाला टाच भिंतीला टेकवून दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभं करा आणि सर्वात लांब बोटापुढे खूण करा. हे लांब बोट दर वेळी अंगठाच असतो असं नाही. दोन्ही पाय मोजा, मोठा निघेल तो धरा. त्यात १० ते १२ मिलिमीटर जागा मिळवा. तेवढ्या लांबीची पुठ्ठ्याची पट्टी कापून दुकानात न्या आणि बुटात सरकवून बघा. पट्टी न वाकता बसली पाहिजे, आणि बूट घालून चालताना टाच निसटता कामा नये. ही एवढी जागा हीच वाढीची सोय आहे. त्यावर आणखी सोय नको.

मग वर्षातून तीनदा तपासा: जूनमध्ये, दिवाळीच्या सुट्टीत आणि फेब्रुवारीत. ही जागा संपली असेल तर बूट बदला. झिजले नसले तरी.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. महागडे 'कमानीचे' बूट घेतले नाहीत तर पाय सपाट होतील, ही भीती बाळगू नका. राव आणि जोसेफ या भारतीय डॉक्टरांनी २३०० मुलांच्या पायांच्या ठशांचा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध केला. त्यात बूट घालणाऱ्या मुलांपेक्षा अनवाणी वावरणाऱ्या मुलांत सपाट पावलं कमी आढळली. म्हणून घरात, स्वच्छ अंगणात मुलांना अनवाणी खेळू द्या. आपल्याकडे पाड्यांवरची मुलं अनवाणी पळतात, त्यांची कीव करण्याआधी त्यांच्या पायांकडे एकदा बघा. काटा, काच, साप आणि पावसाळ्यातला चिखल यांच्यापासून जपायला पादत्राण हवं. ते मापाचं असलं की साधंही पुरतं.

सायकल: पाय टेकतात का?

आमच्या लहानपणी घरात एकच सायकल असायची, वडिलांची. तिच्या आडव्या दांडीखालून पाय घालून, अर्धं पायडल मारत आम्ही शिकलो. त्या आठवणी गोड आहेत. पण तेव्हाच्या रस्त्यावर दिवसाला दोन एसटी आणि चार बैलगाड्या होत्या. आज तारापूर एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर टँकर आणि ट्रेलर आहेत. मोठ्या सायकलीवर डगमगत तोल सावरण्याइतकी जागा आता तिथे नाही.

काही वर्षांपूर्वी एक अकरा वर्षांची मुलगी माझ्याकडे आली. सायकल नवी, वाढदिवसाची, 'दहावीपर्यंत चालेल' अशी. ब्रेक दाबून थांबताना पाय जमिनीला पोचेना, सायकल कलली आणि पडताना हँडलचं टोक पोटात घुसलं. पोटावर वाटीएवढा गोल वळ, बाकी खरचटलंसुद्धा नव्हतं. घरच्यांनी हळद लावून झोपवलं. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या तेव्हा ती आली. आत स्वादुपिंडाला मार लागला होता. तिला मुंबईला पाठवावं लागलं. ती वाचली, आता कॉलेजात आहे. पण त्या दिवसानंतर मी प्रत्येक पालकाला हे सांगतो: सायकलचं हँडल पोटात लागलं असेल तर वरून काही दिसो वा न दिसो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मुलांची पोटाची भिंत पातळ असते, आतलं यकृत, प्लीहा, स्वादुपिंड यांना थेट मार बसतो, आणि त्याची लक्षणं उशिरा दिसू शकतात. पोटदुखी वाढत जाणं, उलट्या, खांदा दुखणं, चेहरा पांढराफटक पडणं, यांपैकी काही असेल तर सकाळची वाट बघू नका.

सायकल घेताना वय विचारू नका, चाकाच्या इंचांवर भुलू नका. मुलाला दुकानात न्या. सरप्राइज नको! आणि हे बघा:

१. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात का? नवशिक्याचे तळवे पूर्ण टेकायला हवेत. चांगली येऊ लागली की सीट थोडी वर करा, पण चवडे टेकलेच पाहिजेत.

२. सीटवरून उतरून दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहिलं तर दांडी आणि जांघ यांच्यात दोन-तीन बोटांचं अंतर आहे का?

३. मूठ न सोडता बोटं ब्रेकपर्यंत पोचतात का, आणि ब्रेक दाबण्याइतकी ताकद मुलाच्या हातात आहे का? हे दुकानदारही क्वचित बघतो. बहुतेक ब्रेकना एक छोटा स्क्रू असतो, त्यानं ब्रेकची दांडी हँडलच्या जवळ आणता येते.

४. हँडलच्या टोकांना रबर आहे का? ते फाटून आतली नळी उघडी पडली असेल तर आजच बदला. वीस-तीस रुपयांचं काम आहे.

राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी मदत मिळते. या सायकलींनी कितीतरी मुलींची शाळा टिकली आहे. अशी सायकल घरी आली की पहिल्याच दिवशी मेकॅनिककडे नेऊन सीट आणि ब्रेक त्या मुलीच्या मापाचे करून घ्या.

आणि ज्या मुलाचे पाय मोटारसायकलच्या फूटरेस्टला पोचत नाहीत, त्याला मागे बसवू नका. लोंबकळणारा पाय चाकाच्या आऱ्यांत जातो आणि टाचेची कातडी सोलून निघते. सायकलच्या कॅरिअरवर मूल बसवलं की हाच धोका.

हेल्मेट: डोकं लवकर मोठं होत नाही

मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट हवं. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांनाही हेल्मेट घालायचं आहे, चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा लावायचा आहे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर न्यायचा नाही. प्रत्यक्षात मी सकाळी शाळेच्या फाटकाशी काय बघतो? वडिलांच्या डोक्यावर हेल्मेट असतं. पोराच्या डोक्यावर एक तर काही नाही, नाहीतर काकांचं जुनं हेल्मेट, मान हलवली की गोल फिरणारं.

फिरणारं हेल्मेट अपघातात आधी निघून जातं, किंवा पुढे येऊन डोळे झाकतं. भुवयांच्या वर दोन बोटं टेप धरून डोक्याचा घेर मोजा आणि त्या मापाचं लहान मुलांचं हेल्मेट घ्या. दुचाकीसाठी आयएसआय खूण बघा. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली एक-दोन बोटंच जावीत. मुलाला 'नाही, नाही' अशी मान हलवायला सांगा. हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, डोक्यावर नव्हे. डोकं हळू वाढतं, त्यामुळे मापाचं हेल्मेट बरीच वर्षं पुरतं. इथे मापाचं घेण्यात तुमचे पैसेही वाचतात.

एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट मात्र पुन्हा वापरू नका. आतला थर एकदा दबला की दुसरा मार झेलत नाही, आणि बाहेरून ते चांगलंच दिसतं.

क्रिकेट: शार्दूल व्हायचं तर बॅट मापाची हवी

पालघरचा शार्दूल ठाकूर लोकलनं मुंबई गाठत भारतीय संघापर्यंत पोचला. त्यामुळे आपल्या स्टेशनवर पहाटे पाठीवर किट घेतलेली पोरं दिसतात, ते बघून छान वाटतं. फक्त त्या किटमधली बॅट बहुधा दादाची असते.

जड बॅट उचलता येत नाही म्हणून मूल खालच्या हातानं ओढून मारतं. मनगट, कोपर, कंबर दुखायला लागते, आणि लागलेली चुकीची सवय मोडायला प्रशिक्षकाची दोन वर्षं जातात. सोपी परीक्षा: वरच्या हातानं, म्हणजे उजव्या मुलानं डाव्या हातानं, एकट्यानं बॅट समोर आडवी धरायची. दहा आकडे मोजेपर्यंत हात थरथरायला लागला तर बॅट जड आहे.

चेंडूचंही तसंच. मोठ्यांचा सीझन चेंडू साधारण १६० ग्रॅमचा, तर तेरा वर्षांखालच्यांचा १३३ ते १४४ ग्रॅमचा असतो. तो फरक कोणीतरी विचार करूनच ठेवला आहे. हेल्मेटची जाळी आणि वरची कड यांच्या फटीतून चेंडू आत जाता कामा नये. लहानांच्या चेंडूनं खेळत असाल तर त्याच चेंडूनं फट तपासा. पॅडची गुडघ्याची वाटी गुडघ्यावरच यायला हवी. ती मांडीवर येत असेल तर धाव घेताना मूल पडणार.

"पण डॉक्टर, परवडायचं कसं?"

हा प्रश्न खरा आहे. कंत्राटी कामगाराच्या घरात दोन मुलांचे बूट वर्षातून दोनदा बदलायचे म्हणजे काय, हे मला माहीत आहे. वाढत्या अंगाचं घेणारी आई अडाणी नाही. ती काटकसर करते आहे. माझं भांडण तिच्याशी नाही. माझं म्हणणं असं की ही काटकसर प्रत्येक घरानं एकट्यानं करायची गरज नाही.

बर्फाच्या देशांत काय करतात बघा. मुलांसाठी स्कीचं सामान अनेक घरं विकत घेतच नाहीत. हंगामापुरतं भाड्यानं घेतात, संपला की परत करतात, पुढच्या वर्षी मोठं माप. शाळा आणि क्लब जुन्या सामानाचा बाजार भरवतात. आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? तासावर भाड्यानं सायकल देणारे दुकानदार मुलाच्या उंचीची छोटी सायकल काढून द्यायचे. शहाणपण आपल्याकडे होतंच, आपण ते विसरलो.

म्हणून शाळांना, पालक संघांना आणि मोठ्या सोसायट्यांना माझी विनंती आहे. मे महिन्यात एक दिवस अदलाबदलीचा ठेवा. लहान झालेली सायकल, बॅट, पॅड, चांगले राहिलेले बूट आणा आणि मोठं माप घेऊन जा. एका मेकॅनिकला बोलावून सायकलींचे ब्रेक तपासून घ्या. मी स्वतः टेप घेऊन बसायला तयार आहे.

दोन पथ्यं मात्र पाळा. बुटाचा तळ एका बाजूला झिजला असेल तर तो दुसऱ्या मुलाला देऊ नका. आणि हेल्मेट अदलाबदलीत ठेवू नका, कारण ते कधी आपटलं होतं का, हे कोणालाच सांगता येत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर ते आधी हेल्मेटवर करा.

शाळांना आणखी एक सांगणं. पांढरे बूट ठरावीक कंपनीचेच, ठरावीक दुकानातूनच, हा आग्रह सोडा. रंग ठरवा, माप पालकांना ठरवू द्या.

डॉक्टरांकडे कधी यायचं?

आठ ते चौदा वर्षांच्या खेळणाऱ्या मुलाची टाच दुखत असेल, किंवा दहा ते पंधरा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा दुखत असेल, तर ते बहुधा वाढीच्या वयातलं दुखणं असतं. खेळ थोडा कमी करून, बर्फानं शेकून आणि बूट बदलून ते बरं होतं. पण एकाच बाजूला दुखणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सूज, ताप, लंगडणं, किंवा पडल्यानंतर पायावर वजन न देता येणं, यांपैकी काही असेल तर दाखवायला उशीर करू नका. मालिश करून, ओढून 'बसवून' घेऊ नका.

नखाखाली रक्त साकळलं आणि फार ठणकत नसेल तर काही करावं लागत नाही. नख हळूहळू पुढे सरकत जातं. अंगठ्याचं नख पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

तो गुलमर्गचा मुलगा जूनमध्ये पुन्हा आला, खोकला घेऊन. एका अंगठ्याच्या नखाच्या टोकाशी काळा डाग अजून शिल्लक होता. आईनं पर्समधून पुठ्ठ्याची एक पट्टी काढून दाखवली. "आज बूट घ्यायला चाललोय. बारा मिलिमीटर जागा, जास्त नाही."

खोकल्याचं औषध लिहून दिलं. पट्टी एकदा बुटाशी लावून बघितली. बरोबर होती.